जुलै ते मे : बेळगावहून केलेल्या चार एकदिवसीय सहलींचा अनुभव

गेल्या जुलैपासून यंदाच्या मेपर्यंत बेळगावातील एका आयोजकाच्या रविवारच्या सहलींना मी चार वेळा गेलो आणि त्यांपैकी तीन वेळा चौऱ्याहत्तर वर्षांची आई सोबत होती. टेम्पो ट्रॅव्हलर सकाळी साडेसहाला निघतो व दिवेलागणीनंतर परत आणून सोडतो. नाश्ता आणि जेवण धरून माणशी नऊशे रुपये पडतात. दर मला रास्त वाटतो. माझी तक्रार आहे ती वेळेच्या वाटणीबद्दल.

पहिली सहल गोकाकची. जुलैत घटप्रभा तांबूस होऊन 52 मीटर खाली कोसळत होती आणि तुषारांमुळे आई दर मिनिटाला पदराने चष्मा पुसत होती. तिथे घेतलेल्या करदंट या सुक्यामेव्याच्या मिठाईतला डिंक तिच्या कवळीला चिकटला, तरीही तिने उरलेला तुकडा कोणाला दिला नाही. त्या दिवशी आम्हांला धबधब्यापाशी पुरते दोन तास मिळाले. पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन जानेवारीत त्याच ठिकाणी पुन्हा गेलो, तेव्हा मात्र खडकावरून दोन-चार बारीक धारा उतरत होत्या, आणि आयोजकाच्या जाहिरातीत अजूनही पावसाळ्यातलेच छायाचित्र होते. याला फसवणूक म्हणणार नाही, पण नोंदणी करताना एका वाक्याने कल्पना द्यायला हरकत नव्हती. त्याच फेरीत धूपदाळच्या बंधाऱ्यावर कांड्या करकोचे पाहायचे होते. आम्ही उशिरा पोहोचलो आणि दूर पाण्याच्या कडेला एक राखाडी रेघ तेवढी दिसली.

सप्टेंबरातली सौंदत्तीची सहल सर्वांत फसली. यल्लम्माच्या दर्शनाला रांगेत तीन तास गेले, त्यामुळे मलप्रभेवरील नविलतीर्थ धरणासाठी जेमतेम पंचवीस मिनिटे उरली. कन्नडमध्ये नविलु म्हणजे मोर, हे चालकाने सांगितले. मोर शोधायला सवड कुणाला होती? देवदर्शन आणि धरण एकाच रविवारी करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मे महिन्यातील हिडकल धरणाची सहल मात्र चारही सहलींत उजवी ठरली, आणि तीही कार्यक्रमात नसलेल्या एका थांब्यामुळे. हुक्केरीकडच्या आमच्या चालकाने विचारले, "काकू, बुडालेला विठोबा बघायचा काय?" धरण झाल्यावर हुन्नूरचे विठ्ठल मंदिर जलाशयात गेले, ते उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बाहेर येते. भेगाळलेल्या गाळावरून आईला हाताला धरून नेले. दगडी भिंतींवर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या पांढरट रेघा एकाखाली एक उमटलेल्या होत्या. त्यांवरून बोट फिरवत ती बराच वेळ उभी राहिली. तेथे कोणी घाई केली नाही, याचे श्रेय पूर्णपणे चालकाचे.

वडीलधाऱ्यांना नेणाऱ्यांनी स्वच्छतागृहाचे थांबे आधी विचारून घ्यावेत. आम्हांला दोनदा पेट्रोल पंपावर अवलंबून राहावे लागले. जेवण साधे, ज्वारीची भाकरी गरम, गाडी जपून चालवलेली. स्थानिक वर्तमानपत्रांत जलाशयांची पातळी छापून येते, ती पाहूनच तारीख ठरवावी: हिडकल 2175 फुटांच्या जवळ असेल तर भरलेले पाणी दिसेल, मंदिर दिसणार नाही. नुसती बाग, बाक आणि पाणी हवे असेल, तर नऊशे रुपये खर्च न करता 110 मीटरच्या ध्वजस्तंभाशेजारी, आपल्या किल्ला तलावावर संध्याकाळी बसावे.

तीनऐवजी एकच ठिकाण ठेवा, असे मी आयोजकाला लेखी कळवले. त्यांनी गोकाकपुरता बदल मान्य केला आहे. येत्या जुलैसाठी दोन जागा सांगून ठेवल्या आहेत. त्यांतली चालकाशेजारची आईने मागून घेतली आहे.