जुनी सीएनसी लेथ ‘नवीसारखी’ करून देणाऱ्याकडून झालेली फसवणूक

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. शाफ्ट, बुश, थ्रेडेड स्टड अशी कामं चालतात. जुन्या लेथवर फॅनूक झिरो-टी कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, होता. बेड, गाईडवे, बॉल स्क्रू ठणठणीत होते, पण कंट्रोलची इलेक्ट्रॉनिक कार्डं एकामागून एक जात होती. अशा मशीनला नवा कंट्रोल बसवणं शहाणपणाचंच आहे, आजही माझं तेच मत आहे. घात केला तो काम घेणाऱ्या माणसाने. प्रकरण वकिलाकडे असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी.

“भाऊ, टेन्शन नका घेऊ. लोखंड तुमचं, डोकं आमचं. मशीन नवीसारखी करून देतो न.” बोलणं गोड होतं आणि कोटेशनही गुळगुळीत: नवा कंट्रोल, सर्व्हो मोटर, ड्राइव्ह, वायरिंग, ट्रायलसहित. निम्म्याहून जास्त रक्कम ॲडव्हान्स गेली. त्याच्या माणसांनी सगळ्यात आधी जुनं कॅबिनेट रिकामं केलं आणि कार्डं, ड्राइव्ह, मोटर सगळं टेम्पोत भरलं. म्हणे, “भंगार आहे भाऊ, तुमची जागा कशाला अडवायची?” ते भंगार नव्हतं. त्या कंट्रोलवर चालणाऱ्या मशीन अजून कितीतरी ठिकाणी आहेत आणि त्यांच्या कार्डांना गिऱ्हाईक असतं. पुढे वाडीतल्या एका दुरुस्तीवाल्याच्या रॅकवर मला आमच्याच मशीनचं सर्व्हो कार्ड दिसलं. आमचा मशीन नंबर त्यावर पिवळ्या रंगात तसाच होता. पण पैशांपेक्षा मोठा डाव वेगळा होता. जुना कंट्रोल गेला की मशीन मागे नेता येत नाही, आणि मग तो सांगेल ती किंमत, तो देईल ती तारीख.

ट्रायलला त्याने ॲल्युमिनियमचा बार लावला. फेसिंग, टर्निंग, टेपर, रेडियस, सगळं रंगीत स्क्रीनवर झकास दिसलं. प्रोग्राम मात्र त्याने स्वतः टाकला होता, आणि तो जी ९८ मध्ये, म्हणजे मिनिटाला अमुक मिलिमीटर या फीडमध्ये होता. आपण लेथवर रोज जी ९९ वापरतो, स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्याला अमुक मिलिमीटर. त्याचं कारण नंतर उलगडलं. एम २४ च्या, म्हणजे २४ मिलिमीटर व्यासाच्या थ्रेडच्या, स्टडची ऑर्डर लावली, ३ मिलिमीटर पिच. टूल थ्रेडच्या सुरुवातीला जाऊन थांबलं आणि पुढे सरकेचना. स्पिंडल फिरतोय, प्रोग्राम सुरू आहे, स्लाइड जागच्या जागी. मागचं कव्हर उघडलं तर स्पिंडलचा एन्कोडरच नाही. जुना एन्कोडर पट्ट्यासकट गायब होता. थ्रेडिंगला प्रत्येक पास स्पिंडलच्या त्याच कोनापासून सुरू व्हावा लागतो, आणि तो कोन कंट्रोलला एन्कोडरच सांगतो. एन्कोडर नाही तर थ्रेड नाही, जी ९९ सुद्धा नाही. विचारल्यावर उत्तर आलं, “ते कोटेशनमध्ये नव्हतं.”

जुना स्पिंडल ड्राइव्ह काढून त्याजागी साधा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावला होता. मोठ्या व्यासाचा जॉब कमी आरपीएमवर घेतला की स्पिंडल दम टाकायचा. जास्त आरपीएमवर हलका कट घेतला तर हे कळतच नाही, आणि ट्रायल तशीच झाली होती.

हे सगळं पैशांचं नुकसान म्हणून सहन केलं असतं. पण एकदा हायड्रॉलिक पॉवरपॅक, म्हणजे जॉब पकडणाऱ्या चकला प्रेशर देणारं युनिट, बंद असताना स्पिंडल सुरू झाला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चकच्या प्रेशर स्विचचं काम एकच: पकडीचं प्रेशर नसेल तर स्पिंडल फिरू द्यायचा नाही. त्याने तो स्विच जोडलाच नव्हता, लॅडरमध्ये (मशीनचे स्विच आणि सिग्नल सांभाळणाऱ्या कंट्रोलमधल्या प्रोग्राममध्ये) हा इंटरलॉक कायमचा ‘ओके’ करून ठेवला होता. दाराच्या स्विचचंही तेच. मशीनसमोर आमचा ऑपरेटर आठ-आठ तास उभा असतो. फिरत्या चकमधून सुटलेला जॉब काय करतो, हे वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. वायरिंगचे दोन तास वाचवण्यासाठी एखाद्याच्या पोराबाळांचा बाप असा धोक्यात घालणं मी कधीच माफ करणार नाही.

बाकी रकमेवरून वाद सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत सायकल स्टार्ट दाबलं की अलार्म यायला लागला. कंट्रोलचा दोष नव्हता. लॅडरमध्ये त्याने तासांची मोजणी लपवून ठेवली होती आणि लॅडरला पासवर्ड होता. कोड हवा तर आधी पैसे. दुसऱ्या माणसाने शेवटी लॅडर मुळापासून नव्याने लिहिलं. त्यानेच कंट्रोलच्या सेटिंगमधलं पॅरामीटर ६७५० उघडून दाखवलं, त्यात पॉवर-ऑनचा एकूण वेळ मिनिटांत साठतो. आकडा कित्येक वर्षं चाललेल्या कंट्रोलचा होता. ‘नवा’ म्हणून जुना माल बसवला होता, मागची सिरियल नंबरची पट्टीही खरवडलेली होती.

कायद्याची वाट लांबची आहे. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला त्यात सवलत आहे. व्यापारी वादात, तातडीचा आदेश मागायचा नसेल तर, दाव्याआधी मध्यस्थी करावी लागते. आमची केस तिथेच आहे. वकिलांना सगळ्यात उपयोगी पडले ते टेम्पोत सामान भरतानाचे फोटो.

रिट्रोफिट, म्हणजे जुन्या मशीनला नवा कंट्रोल बसवणं, करणार असाल तर ऑर्डरमध्येच लिहून घ्या: काढलेला प्रत्येक भाग आपल्याच शेडमध्ये राहील, जुन्या पॅरामीटरची यादी आधी उतरवली जाईल, कंट्रोल आणि ड्राइव्हचे सिरियल नंबर बिलावर येतील, लॅडरची फाइल पासवर्डसह मिळेल. शेवटचा हप्ता आपल्या स्टीलवर, आपल्या प्रोग्रामने, गो-नोगो गेजने (माप बरोबर आहे की नाही सांगणाऱ्या गेजने) तपासलेला थ्रेड निघाल्यावरच द्या.

आणि अशा कुणाकडून मशीन आधीच करून घेतली असेल तर उद्या शिफ्ट सुरू होण्याआधी एक तपासणी करा. चक रिकामा, दार बंद, आरपीएम अगदी कमी, पॉवरपॅक बंद. स्पिंडलची कमांड द्या. स्पिंडल फिरला तर त्या मशीनवर जॉब लावू नका.