एमएमटीव्ही की स्लीपिंग ब्युटी: स्तनाच्या गाठीतली कर्करोग-जनुके शोधताना

उंदरांच्या स्तनातल्या गाठींमागची जनुके शोधायला दोन साधने हाताशी आहेत. एमएमटीव्ही हा आईच्या दुधातून पिल्लांत जाणारा रेट्रोव्हायरस (स्वतःची प्रत पेशीच्या डीएनएत घुसवणारा विषाणू), तर स्लीपिंग ब्युटी हा माशांच्या जीनोममधल्या निकामी अवशेषांवरून 1997 मध्ये पुन्हा घडवलेला ट्रान्सपोझॉन, म्हणजे डीएनएत जागा बदलत उड्या मारणारा तुकडा. अनेक गाठींत ते ज्या जनुकापाशी घुसलेले सापडतात, ते जनुक संशयित ठरते.

एमएमटीव्हीची करामत मला अधिक विलक्षण वाटते. 1982 मध्ये रोएल नुसे आणि हॅरॉल्ड वॉर्मस या शास्त्रज्ञांना वेगवेगळ्या गाठींत हा विषाणू एकाच जनुकाच्या आसपास घुसलेला सापडला. तेच आजचे डब्ल्यूएनटी-1. बहुतेकदा विषाणू जनुकाच्या बाहेर, जनुकाकडे पाठ करून बसतो. प्रथिनाचा मजकूर शाबूत राहतो. विषाणूच्या टोकांमधला एन्हान्सर (जनुकाचे काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) एरवी गप्प असलेले जनुक दुरूनच चालू करतो. हा एन्हान्सर संप्रेरकांना प्रतिसाद देतो, म्हणून गाठ नेमकी स्तनात.

स्लीपिंग ब्युटी डीएनएतल्या टीए या दोन अक्षरांच्या जोडीपाशी घुसते. सोबत प्रमोटर (जनुकाचे वाचन सुरू करणारा तुकडा) असल्याने जनुक चालू होते, आणि स्प्लाइसिंग (जनुकाच्या आरएनए प्रतीचे तुकडे जोडण्याची क्रिया) अडवून ते निकामीही करता येते. म्हणूनच गाठ रोखणारी जनुके शोधायची असतील तर मी हिचीच निवड करेन. मात्र ती मूळ जागेजवळच जास्त उड्या मारते, त्यामुळे ती मूळ जागा असलेल्या गुणसूत्रावरचे निष्कर्ष जपून वाचावेत.