हातगाडी की पायडलची तीनचाकी? वस्तीत फिरून भाजी विकणाऱ्यासाठी

यार्डात अधूनमधून एखादा पोरगा विचारतो, "काका, भाजीचा धंदा सुरू करायचाय. हातगाडी घेऊ की पायडलची?" मी दोन्ही वापरल्यात. पाच वर्षं हातगाडी, गेली चार वर्षं पायडलची तीनचाकी. रस्ता तोच: पुण्यातलं गुलटेकडीचं मार्केट यार्ड, स्वारगेट, दांडेकर पूल आणि तिथून जनता वसाहत. त्यामुळे माझं सांगणं या रस्त्यापुरतं धरा. हडपसरसारख्या सपाट भागात हिशेब वेगळा निघू शकतो.

हातगाडीने माझं घर चालवलंय, तिची बाजू आधी. फळी सपाट आणि ऐसपैस, वीस-बावीस जिनसा आरामात मांडता येतात. बायकांना भेंडीचं टोक मोडून बघता येतं, दोडक्याला नख लावता येतं. चेन नाही, फ्रीव्हील नाही, पंक्चर सोडलं तर खर्च नाही. मागे घ्यायची तर दोन पावलं ओढली की झालं. रोजाच्या भाड्यानेही मिळते, म्हणजे धंदा जमतोय का हे बघण्यातच पैसे अडकून पडत नाहीत. एकाच कोपऱ्यावर उभं राहणार असाल तर बिनधास्त हातगाडी घ्या.

वस्तीत मात्र कोपऱ्यावर उभं राहून भागत नाही. इथल्या कितीतरी बायका आठच्या आत धुण्याभांड्याच्या, स्वयंपाकाच्या कामांना बाहेर पडतात. त्या मंडईत जाणार कधी? आणि घ्यायचं असतं पाव किलो वांगं, मेथीची एक जुडी, थोड्या मिरच्या. तेवढ्यासाठी रिक्षाचे पैसे कोण घालवेल? भाजी दारात यायला हवी, तीही त्या निघायच्या आत. यार्डातून भरलेली हातगाडी स्वारगेटच्या गर्दीतून ढकलत आणणं मला कधीच झेपलं नाही. माल भागीच्या टेम्पोत टाकायचा, टेम्पो भरेपर्यंत थांबायचं, पुलाशी उतरवून पुन्हा गाडीवर लावायचा. तोवर नऊ वाजायचे. पायडलवर साडेसहाला यार्डातून निघालो की साधारण सव्वासातला मी वस्तीच्या तोंडाशी असतो.

तरी गाडी बदलली ती दगडापायी.

हातगाडीला ब्रेक नसतो, आणि पर्वतीच्या अंगाची ही वस्ती म्हणजे चढच चढ. दारातून हाक येते, "ओ भाजीवाले, थांबा!" थांबायचं कसं? गाडीला पोट टेकवायचं, दांडा एका हाताने धरायचा आणि पायाने चाचपडत दगड चाकाखाली सरकवायचा. मग काटा काढायचा. बाई टोमॅटो निवडतेय आणि माझं लक्ष चाकाकडे. सुट्टे पैसे देतानाही मांडी गाडीलाच. वजन झालं की दगड उचलून गाडीवर ठेवायचा, दहा पावलं गेलं की पुन्हा तेच. एका फेरीत मी मोजलं होतं, 34 वेळा. एकदा पावसात दगड सटकला आणि गाडी गटाराच्या कठड्याला जाऊन आदळली. कोथिंबिरीच्या साठेक जुड्या चिखलात गेल्या.

ते नुकसान भरून निघालं. जिवाला लागलं ते वेगळं. एक आजी रोज अर्धा पाव भेंडी घ्यायच्या. त्यांचं दार अगदी उभ्या चढावर. हळूहळू मी तिथे थांबायचं टाळू लागलो. हाक ऐकू यायची, तरी "वर सपाटीला या आजी, तिथे देतो," म्हणून पुढे जायचो. त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं.

पायडलच्या गाडीला हँडलवर ब्रेक असतो. मी वेल्डिंगवाल्याकडून मागच्या चाकाला पायाने दाबायचा खटकाही बसवून घेतला. खटका दाबला की गाडी जागच्या जागी, दोन्ही हात मोकळे. आजींच्या दाराशी आता रोज थांबतो.

तिचे दोष आहेतच. भरलेली गाडी चढावर उतरून ढकलावीच लागते, आणि ती हातगाडीपेक्षा जड जाते. माझ्या गाडीत पायडलचा जोर मागच्या एकाच चाकावर येतो, म्हणून ओझं असलं की ती एका बाजूला ओढते. वळणावर वेग कमी केला नाही तर आतलं चाक उचलतं. पेटी लहान, पंधराच्या वर जिनसा मांडता येत नाहीत. पालेभाजी ओल्या गोणपाटाखाली राहते, त्यामुळे गिऱ्हाईकाला उचलून दाखवावी लागते. बॅटरीची गाडी चढाला नक्कीच सोपी, पण रात्री चार्जिंगला लावायची कुठे, हा प्रश्न माझ्या दहा बाय दहाच्या खोलीला सुटला नाही.

कागदाच्या बाजूने फरक पडू नये. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात फिरत्या विक्रेत्यालाही प्रमाणपत्राची सोय आहे. पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं पहिलं कर्ज आता 15,000 रुपयांपर्यंत मिळतं, पण ते मालासाठी धरा. गाडीचे पैसे वेगळे जमवलेले बरे.

माझा कल तुम्हाला कळलाच असेल, तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. शनिवारी यार्डात भाजीला सुट्टी असते. त्या दिवशी ओळखीच्या कुणाकडून दोन्ही गाड्या मागून घ्या, प्रत्येकीवर दोन गोणी बटाटा टाका आणि तुम्ही फिरणार त्या गल्लीतल्या सगळ्यात उभ्या चढावर एकदा थांबवून अर्धा पाव भेंडी तोलून बघा.