तिलारीतली ‘खात्रीची’ वाघ सफारी: पैसे कुठून आणि कसे जातात

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की मोबाइलवर एक जाहिरात हटकून फिरू लागते. सिंधुदुर्गातल्या तिलारीच्या घनदाट रानात इको लॉज, दोन रात्री, सगळं जेवण, रात्रीची जिप्सी सफारी आणि वर ‘वाघ दिसण्याची हमी’. सोबत पाणवठ्यात बसलेल्या वाघाचा झकास फोटो. आम्ही दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात पाहुण्यांना पक्षी आणि बेडूक दाखवत फिरणारी मंडळी. पैसे घालवून बसलेले लोक शेवटी आमच्यापैकी कुणाच्या तरी पडवीत येऊन टेकतात. त्यांच्या पावत्या, चॅट आणि बिलं पाहिल्यावर हा खेळ कसा रचलेला असतो ते लक्षात येतं.

इथे वाघ नाही असं कुणी म्हणू नये. तिलारीचं रान गोव्याच्या म्हादई आणि कर्नाटकच्या भीमगडाला लागून आहे आणि वाघ या पट्ट्यातून ये-जा करतात. म्हणूनच २०२० मध्ये सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. पण हा वाटेवरचा पट्टा आहे. वाघ मोजके, रान सदाहरित आणि गच्च, वीस फुटांपलीकडचं दिसत नाही. इथल्या वाघांची नोंद होते ती बहुतेक कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे रानात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, ठशांवरून किंवा मारलेल्या गुरावरून. जन्म इथे काढलेल्या माणसालाही पट्टेरी वाघ समोरासमोर क्वचितच दिसतो. मग दोन रात्रींत तो दाखवण्याची हमी कोण कशाच्या जोरावर देतो, हा पहिला प्रश्न.

जाहिरातीतल्या फोटोपासूनच तपासणी सुरू करा. मागे वाळकं गवत, पानगळ झालेला साग, बांबूची बेटं किंवा जिप्सींची रांग दिसली तर तो फोटो विदर्भातला नाहीतर राजस्थान-मध्य प्रदेशातला. तिलारी-आंबोलीच्या बाजूला असा उघडा माळ आणि त्यात निवांत बसलेला वाघ मिळत नाही. सह्याद्रीतल्या वाघांचे खरे फोटो बहुधा कॅमेरा ट्रॅपचे असतात: रात्रीचे, करड्या रंगाचे, वाघ चालता चालता अर्धवट टिपलेला, खालच्या पट्टीवर तारीख, वेळ आणि बऱ्याचदा तापमान. जाहिरातीतला फोटो गुगल लेन्समध्ये टाकला की बहुतेक वेळा त्याचं मूळ गाव लगेच सापडतं.

यानंतर येतो ‘सफारी परमिट’ नावाचा खर्च. तो खोलीभाड्यापेक्षा वेगळा, माणशी आणि आगाऊ मागतात. तिलारी हा व्याघ्र प्रकल्प नाही. ताडोबाला जसं ठरलेलं गेट, सकाळ-दुपारची फेरी, नोंदणीकृत जिप्सी आणि नावानिशी परवाना असतो, तशी पद्धत इथे नाही. कुणी वनखात्याची परवानगी आहे म्हणत असेल तर शुल्काची सरकारी पावती मागा आणि त्यावरचं वनपरिक्षेत्राचं नाव पाहून त्या कचेरीत फोन करा. आम्ही पाहिलेल्या ‘परमिट’वर लॉजचाच शिक्का, एका कोपऱ्यात वाघाचं तोंड आणि खाली ‘फॉरेस्ट एंट्री’ असं लिहिलेलं होतं. असला कागद छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रत्यक्षात रात्रीची सफारी होते ती अशी. जेवणानंतर उघडी जीप निघते, बराच वेळ घाटरस्त्याने फिरते, मग एका कच्च्या वाटेने ‘कोअर’मध्ये, म्हणजे रानाच्या गाभ्यात, शिरते. ही कोअर बहुधा काजूची नाहीतर रबराची बाग असते. झाडं ओळीत उभी आणि खोडाला चीक गोळा करायच्या वाट्या बांधलेल्या दिसल्या, की समजा तुम्ही कुणाच्या तरी बागायतीत फिरताय. चालक हेडलाइट बंद करतो, हातातला झोत झाडीत फिरवतो, कुजबुजत ‘वास येतोय’ म्हणतो. डोळे चमकतात ते गव्याचे, कांडेचोराचे (उदमांजराचे) किंवा वाडीतल्या कुत्र्याचे. लोक बिचारे श्वास रोखून बसतात.

काही जण मात्र खरोखरच राखीव वनात गाडी घालतात आणि ते जास्त वाईट. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये प्राण्याला आमिष लावणं शिकारीच्याच व्याख्येत मोडतं. म्हणजे वाघ यावा म्हणून बांधलेली शेळी हा शिकारीचाच मामला. अशा वेळी वनरक्षकाने गाडी धरली तर जबाब तुमचाही घेतला जातो, आणि लॉजवाला ‘पाहुण्यांनीच हट्ट केला’ म्हणून मोकळा होऊ पाहतो. शिवाय २००२ पासून दोडामार्ग तालुक्यात रानटी हत्ती आहेत. अरुंद वाटेवर दिवे बंद करून उभी असलेली उघडी जीप आणि समोर हत्ती, हा प्रसंग निभावून नेण्याची तयारी या चालकांपैकी कुणाकडेच नसते.

हमीचं काय? तीही शब्दशः पाळली जाते. बुकिंगच्या अटींत खाली बारीक अक्षरात ‘साइटिंग’मध्ये ठसा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे आणि आवाज हे सगळं धरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी एक सुबक ठसा दाखवतात आणि हमी पूर्ण. ठसा पाहताना तीन गोष्टी बघा. नखांची टोकं उमटली असतील तर तो कुत्रा किंवा तरस. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. रुंदी सात-आठ सेंटीमीटर असेल तर बिबट्या, मोठ्या वाघाचा पुढचा पंजा बारा सेंटीमीटरच्या पुढे जातो. आणि ठसा एकटाच असेल, पुढे-मागे दुसरं पाऊल नसेल, तर तो साच्याने उठवलेला आहे. चार पायांचा प्राणी चिखलात एकच पाय टेकवून उडून जात नाही.

आता पैशाची वाट. मागणी साधारण अर्ध्या रकमेची, ‘परत न मिळणारी’, आणि ‘शेवटची एकच कॉटेज राहिली आहे’ अशा घाईत. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर लॉजचं नाही, भलत्याच माणसाचं नाव येतं. विचारलं तर ‘मॅनेजरचं खातं आहे’. तिथेच थांबायचं. घरगुती होमस्टेचं खातं मालकाच्या नावावर असणं स्वाभाविक आहे, पण मग तेच नाव पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी किंवा कृषी पर्यटन नोंदणीवर असायला हवं. त्या प्रमाणपत्राचा फोटो मागा. बिलात जीएसटी लावत असतील तर पंधरा आकडी-अक्षरी क्रमांक मागा. महाराष्ट्राचा २७ ने, गोव्याचा ३० ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कुणाची आणि चालू आहे की रद्द, ते दिसतं. जेवण देतात म्हणजे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, चौदा अंकी क्रमांकही हवा. छोट्या होमस्टेला जीएसटी नसू शकतो, त्यात गैर काही नाही. क्रमांक नसताना बिलात कर लावणं ही मात्र सरळ लूट.

जागेचा घोळ वेगळाच. गुगल मॅपवरची खूण धरणाच्या जलाशयाशेजारी आणि प्रत्यक्ष खोली बांदा-दोडामार्ग रस्त्याला, शेजारी चिऱ्याची खाण, हे इथे होतं. बुकिंगआधी ग्रामपंचायतीचं नाव आणि घरपट्टीचा नमुना ८ विचारा. खरा मालक दोन मिनिटांत पाठवतो, खोटा विषय बदलतो. सातबारा ऑनलाइन बघता येतो. त्यावर वनाची नोंद दिसली, किंवा जमीन आंबोली-गेळे-चौकुळच्या कबुलायतदार गावकर वादातली, म्हणजे मालकीचा जुना तंटा असलेली, निघाली, तर बांधकाम कधीही अडचणीत येऊ शकतं आणि तुमचा अ‍ॅडव्हान्स त्याच्याबरोबर.

‘इको’ या शब्दाचे तर इतके पैसे लावतात की त्याचा थोडा हिशेब मांडलाच पाहिजे. ‘संपूर्ण सौरऊर्जेवर’ म्हणतात आणि सहाही खोल्यांत दीड टनाचा एसी असतो. एक एसी रात्रभरात दहा-बारा युनिट ओढतो. सहा खोल्यांचे साठ-सत्तर. एक किलोवॉटचं सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चारएक युनिट देतं, म्हणजे पंधरा-सतरा किलोवॉट हवेत, साडेपाचशे वॉटची तीस पॅनेलं, आणि रात्रीसाठी बॅटऱ्यांची खोली. छपरावर दोन पॅनेलं आणि एक पाणी तापवायची टाकी असेल तर बाकी वीज महावितरणची नाहीतर मागच्या जनरेटरची. पावसाळ्यात तर विचारूच नका, महिना-महिना ऊन दिसत नाही.

मातीची कॉटेज म्हणून दाखवतात तिच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात, नखाने खरवडून बघा. खाली सिमेंटचा गिलावा आणि वर मातीचा रंग असतो. पोहण्याच्या तलावाचं पाणी कुठून येतं ते विचारा. वरच्या अंगाला व्हाळ अडवून पाइप टाकला असेल तर खालची वाडी उन्हाळ्यात टँकरवर असते. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा व्हाळापासून किती लांब आहे, प्लास्टिकच्या बाटल्या कोण आणि कुठे नेतं, हेही विचारा. स्वयंपाकघरामागे एक फेरी मारली की बाटल्यांच्या प्रश्नाचं उत्तर राखेच्या ढिगात मिळतं. जो खरोखर काळजी घेतो त्याच्याकडे एसी बहुधा नसतो, पंखा आणि मच्छरदाणी असते. आणि तो वाघाचं नावही काढत नाही. धनेश, कर्णा असे पक्षी आणि पावसाळ्यातल्या बेडकांबद्दल मात्र तासभर बोलतो.

हेच विक्रेते ताडोबाचं पॅकेजही विकतात. कोकणातून चंद्रपूर गाठायला निदान एक रात्र मोडते, गाडीची तिकिटं काढून झालेली असतात, म्हणून गेटवर फसवणूक कळली तरी माणूस गप्प बसून मिळेल ते घेतो. तिथली नेहमीची क्लृप्ती म्हणजे कोअरचे पैसे घेऊन बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याची, फेरी देणं. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही कोअरची गेटं. आगरझरी, जुनोना, देवाडा, अलिझंझा, मदनापूर बफरची. बफरमध्येही वाघ चांगला दिसतो, पण शुल्क वेगळं आहे. कोअर मंगळवारी आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, त्यामुळे ऑगस्टमधली ‘कोअर सफारी’ कुणी विकत असेल तर पुढे बोलायचं कारणच नाही. परवान्यावर तुमचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, गेट, तारीख, फेरी असते आणि एका जिप्सीत पर्यटक सहाच. आठ जणांना एकाच गाडीत बसवतो म्हणणाऱ्याने परवाना पाहिलेलाच नाही. बुकिंग वनखात्याच्या ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपणाऱ्या संकेतस्थळावरून स्वतःच करा, आणि लॉज त्याच गेटाजवळचा घ्या. मोहर्लीचा परवाना आणि कोलाऱ्याचा लॉज असेल तर पहाटेच्या फेरीसाठी अंधारात लांबचा वळसा पडतो आणि टॅक्सीचं बिल वेगळं.

पैसे गेलेच असतील तर पहिल्या काही तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा आणि यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत येते. त्याच आठवड्यात ‘रिफंड’साठी फोन येईल, क्यूआर पाठवतील, पिन टाकायला सांगतील. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ही दुसरी लूट असते. राखीव वनात गाडी नेली असेल तर वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी आहे. लॉज प्रत्यक्षात आहे पण सांगितल्यासारखा नाही, अशा प्रकरणात ग्राहक मदतवाहिनी १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, त्यासाठी सिंधुदुर्गला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. त्यासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह, अटींचं पान, चॅट आणि खोलीचे फोटो निघण्याआधीच जमवून ठेवा, कारण तक्रारीचा वास आला की जाहिरात त्याच दिवशी उडते आणि पुढच्या आठवड्यात नव्या नावाने परत येते.