पार्टसाठी पद्मिनी घेताय? आधी डिकीतलं मॅट उचलून बघा

घरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं काम काढलंय, पेट्रोल 1089 सीसी, हँड गियरवाली (गियरचा दांडा स्टिअरिंगजवळ). छोटेमोठे नवे पार्ट अजून मिळतात पण दरवाजे, काचा, गियरबॉक्स, ब्लॉक हे जुन्यातलंच शोधावं लागतं, म्हणून अख्खी दुसरी गाडी घेऊन ती खोलायची असं ठरलं. दलालाने मुंबईची एक दाखवली. "डॉक्टरची प्रायव्हेट गाडी साहेब, एकहाती वापर, इंजिनला अजून पाना लागलेला नाही." क्रीम कलर एकदम चकाचक. भंगारात काढायच्या गाडीला इतका ताजा कलर कोण मारतं हो? सेल्फ मारल्या मारल्या चालू झाली, पण आम्ही पोचलो तेव्हाच बॉनेट गरम होतं, विचारलं तर म्हणे आत्ताच जागेवरून हलवली. गरम इंजिन लगेच उचलतं आणि जाड ऑइल घातलं की धूरही थोडा वेळ दबतो, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं.

तरी घेतली, आणि खरी गोष्ट गाडी खोलल्यावर बाहेर आली. डिकीतलं मॅट काढलं तर खाली सीएनजी सिलिंडरच्या स्टँडची भोकं, पुट्टी भरून वरून काळा रंग मारलेला. दरवाजाचं रबर ओढलं तर वरच्या कडेला पिवळा, खाली काळा. डाव्या मडगार्डला आतून हात घातला तर टॅक्सीचा मीटर बसायचा तिथे पत्र्याचा ठिगळ. म्हणजे डॉक्टर नाही न काही नाही, काळीपिवळी! मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 ची, ती ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे मुंबईची पद्मिनी कोणी प्रायव्हेट म्हणून विकत असेल तर आधी हाच संशय घ्या.

टॅक्सीशी माझं वाकडं नाही, काचा आणि दरवाजे तिचेही चालतात. पण पैसे मोजले ते इंजिनचे. हेड उचललं तर पिस्टनच्या डोक्यावर शेवटच्या ओव्हरसाइजचा शिक्का, म्हणजे ब्लॉक आधीच शक्य तेवढा कापून मोठा केलेला, आणि बोअरला (पिस्टन फिरतो त्या भोकाला) बोट लावलं की वरची कड नखाला अडकते. पाना न लागलेलं इंजिन ते हेच! आता ब्लॉकला लाइनर (आत बसवायची नवी नळी) टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय गाडी बघताना काढलेल्या फोटोत जो स्वच्छ कार्बोरेटर होता तो टेम्पोतून उतरताना नव्हता, त्या जागी चोकचा लिव्हर तुटलेला दुसराच डबा.

दलालाला फोन केला तर उत्तर काय, "पार्टसाठीच घेतली ना, मग गॅरंटी कसली मागताय?" पार्टसाठी हवीये एवढं ऐकलं की ही माणसं कंडिशन आणि कागद दोन्हींतून मोकळी होतात. आरसी मागाहून पाठवतो म्हणाला होता, ती आजतागायत आलेली नाही, आता फोनही उचलत नाही. गाडी मोडली की नोंदणीवरच्या मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्यायची असं मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं, पण इथे मालक कोण तेच माहीत नाही. उरलेला सांगाडा अधिकृत स्क्रॅप सेंटरवाले कागदाशिवाय घेत नाहीत, गल्लीतला भंगारवाला घेतो म्हणतो पण चासी नंबर कापून मागतो आणि तो कुठे जातो हे विचारलं की हसतो. चोरीच्या गाड्यांना मेलेल्या गाड्यांचे नंबर चढवतात हे काय नवीन आहे का, मी दिला नाही.

कोणी घेणार असेल तर घ्यायला येण्याआधी नंबर मागून परिवहनच्या ॲपवर टाका, नोंद असेल तर वाहनाच्या वर्गातच टॅक्सी दिसते. इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा, गाडी आधी गरम केलेली दिसली तर चहा पिऊन या. कार्बोरेटर, डायनमो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर यांच्यावर पेंटने स्वतःची खूण करून फोटो काढा, त्याच्या समोर. आणि आरसी व मालकी बदलाचे सही केलेले फॉर्म 29, 30 हातात पडल्याशिवाय बाकीचे पैसे सोडू नका, मग तो कितीही शेट शेट करू दे.