तालुक्याच्या लॅबमधील फ्लुरोसन्स कार्ड यंत्र: वापरानंतरचा अभिप्राय

छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला लगेच चंद्रपूर किंवा नागपूरला हलवायचे की नाही, हे डॉक्टरांना ठरवता यावे असा आकडा वेळेत देणे, ही ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातील लहान पॅथॉलॉजी लॅबची खरी कसोटी आहे. शहरातील लॅबसारखे मोठे केमिल्युमिनेसन्स यंत्र (रासायनिक क्रियेतून निघणारा प्रकाश मोजणारे) येथे परवडत नाही, कारण त्याला वातानुकूलित खोली, नियमित कॅलिब्रेशन (ठरलेल्या मापाशी आकडे जुळवून घेणे) आणि रोजचे भरपूर नमुने लागतात. म्हणून आम्ही टेबलावर मावणारे, कार्डावर चालणारे फ्लुरोसन्स यंत्र घेतले. सर्व ऋतूंत वापरून झाल्यावर माझे मत असे आहे की ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन), डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा तुकडा) आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) या तपासण्यांसाठी ते नक्की घ्यावे, मात्र एचबीएवनसीसाठी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) आपल्या भागात त्याच्यावर विसंबू नये.

यंत्राचे बळ कार्डात आहे. आशाताईंजवळच्या मलेरियाच्या कार्डात सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते साचले की डोळ्यांना लाल रेघ दिसते. आमच्या कार्डात त्यांच्या जागी युरोपियम या धातूचे संयुग भरलेले पॉलिस्टायरिनचे कण आहेत, ज्यांचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. कणांवर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक पदार्थालाच पकडणारे प्रथिन, चिकटवलेली असते. रक्तातील ट्रोपोनिन तिला धरते, ही जोडी नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवरून पुढे सरकते आणि टेस्ट रेषेवरील दुसऱ्या अँटिबॉडीत अडकते. यंत्र त्या रेषेवर अतिनील प्रकाश टाकते, तेव्हा कण 615 नॅनोमीटरच्या आसपास तांबडे चमकतात. पट्टीची आणि रक्ताची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांत विझते, तर युरोपियमची शेकडो मायक्रोसेकंद टिकते; यंत्र मधला क्षण सोडून देऊन मग मोजणी करते, त्यामुळे साध्या कार्डावर हरवणारी अत्यल्प मात्राही पकडता येते. आकडा एकट्या टेस्ट रेषेवरून न काढता तिच्या आणि कंट्रोल रेषेच्या (कार्ड नीट चालले हे दाखवणाऱ्या दुसऱ्या रेषेच्या) गुणोत्तरावरून काढला जातो, म्हणून पट्टीवरचा प्रवाह थोडा मागेपुढे झाला तरी निकाल फारसा ढळत नाही. ही रचना मला मनापासून आवडली.

वापरताना एक गोष्ट हमखास घडते. पंधरा मिनिटांनी कार्ड बाहेर काढले की पट्टी पांढरीच असते आणि शेजारी उभा असलेला नातेवाईक काळजीने विचारतो, ‘‘मॅडम, रेघ तं दिसूनच नाही राहिली, बिघडलं काय?’’ रेषा असते, फक्त ती डोळ्यांसाठी नसते. हे प्रत्येकाला समजावून सांगावे लागते आणि सांगितले की लोकांना पटते.

कामाची शिस्त मात्र कडक हवी. बफरमध्ये (कार्डासोबतच्या द्रावणात) रक्त मिसळल्यावर ठरलेले मापच पिपेटने खाचेत सोडावे लागते. पिपेटच्या टिपेत बुडबुडा राहिला की आकडा खाली येतो आणि यंत्र कोणतीही तक्रार न करता तो छापते. कार्ड बाहेर ठेवून वेळ मोजण्याची सोयही आहे. गर्दीत ती उपयोगी पडते, पण वेळ उलटून गेलेले कार्ड वाचू नये, कारण पट्टी वाळताना चमक बदलत जाते. कार्डांच्या प्रत्येक लॉटसोबत (एकत्र बनवलेल्या खेपेसोबत) येणारी चिप त्याच लॉटसाठी वापरायची असते, तीत त्या लॉटचे कॅलिब्रेशन असते.

ट्रोपोनिनचा निकाल पंधरा मिनिटांत मिळतो, एवढ्यासाठीच हे यंत्र येथे मोलाचे आहे. तरीही दुखणे सुरू होऊन जेमतेम एखादा तास झाला असेल तर कमी आलेल्या आकड्याने कोणी निश्चिंत होऊ नये. ईसीजी बघावा आणि काही तासांनी नमुना पुन्हा घ्यावा, असे आम्ही रिपोर्टवरच लिहितो. डी-डायमरच्या बाबतीत एकक छापलेले आहे ना, हे आधी पाहावे, कारण ही तपासणी एफईयू आणि डीडीयू अशा दोन एककांत सांगतात, एफईयूमधील आकडा डीडीयूच्या जवळपास दुप्पट असतो आणि नेहमीची मिलिलिटरमागे 500 नॅनोग्रॅमची मर्यादा एफईयूसाठी आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तापाचे रुग्ण वाढतात तेव्हा सीआरपीची तपासणी भरपूर होते. तिने दाह किती आहे ते कळते, ताप मलेरियाचा की स्क्रब टायफसचा हे कळत नाही. त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

एचबीएवनसीबद्दलचा माझा आक्षेप पूर्व विदर्भासाठी विशेष महत्त्वाचा आहे. येथे सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक पुष्कळ आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर नष्ट होतात, साखर चिकटायला त्यांना पुरेसा काळच मिळत नाही आणि एचबीएवनसी खोटी कमी येते. मधुमेह आटोक्यात असल्याचा समज होतो आणि औषध कमी केले जाते. हा दोष कार्डाचा नाही, तपासणीचाच आहे. वाहकांमध्ये निकाल बरोबर येईल की नाही हे पद्धतीवर अवलंबून असते, आणि आमच्या कार्डाच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही. अशा रुग्णांसाठी आम्ही उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच तपासतो.

सोडियम-पोटॅशियम याच यंत्रावर होईल, असे एका विक्रेत्याने आम्हाला सांगितले होते; ते खरे नाही. सोडियम-पोटॅशियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) इतके लहान असतात की दोन अँटिबॉडींच्या मध्ये ते धरता येत नाहीत. आयन ओळखणारे चमकणारे कण असतात, त्यांत आयनाला पकडणारा रेणू आणि त्यानुसार चमक बदलणारा रंग एकत्र बसवलेला असतो, आणि काही रक्तवायू यंत्रे प्रकाशाच्या अशाच तत्त्वावर चालतात. पण ती व्यवस्था या कार्डात नाही. फवारणीच्या विषबाधेत लागणारी कोलिनेस्टरेजची (काही कीटकनाशकांनी मंदावणाऱ्या रक्तातील विकराची) तपासणीही आमच्या यंत्राच्या यादीत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी फवारणीने दगावल्यापासून तिची विचारणा होते, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे.

सर्वांत मोठी अडचण उन्हाची आहे. कार्डे 30 अंशांपर्यंत ठेवावीत असे पाकिटावर छापलेले असते आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. एकदा पार्सल भर दुपारी एसटी स्टँडजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिले, आणि त्या लॉटचे कंट्रोल (मात्रा आधीच माहीत असलेल्या नमुन्याचे आकडे) सतत खाली येऊ लागले. पुरवठादाराने बदली कार्डे देण्यास बरीच टाळाटाळ केली. आता आम्ही उन्हाळ्याचा साठा मार्चआधी मागवून फ्रिजमध्ये ठेवतो, वापरण्यापूर्वी बंद पाकीट खोलीच्या तापमानाला येऊ देतो आणि नवीन लॉट कंट्रोल लावल्याशिवाय रुग्णासाठी उघडत नाही. यंत्राला स्वतःची बॅटरी नाही, त्यामुळे इन्व्हर्टरचा खर्च किमतीत धरावा. आणि पार्सलमध्ये तापमान दाखवणारी पट्टी घालण्याची अट ऑर्डर देतानाच लेखी घ्यावी.