रिमिनीतलं जुनं हॉटेल, आई आणि पाच रात्री

लिफ्टमध्ये आई आणि एक बॅग मावली. दुसरी बॅग घेऊन मी जिन्याने निघालो. लिफ्टला आतून घडीची दोन लाकडी दारं आहेत, ती हाताने नीट लोटली नाहीत तर लिफ्ट जागची हलत नाही. आई तिसऱ्या मजल्यावर उतरली आणि दारं तशीच उघडी टाकून खोली शोधायला गेली. खाली एक वयस्कर जर्मन जोडपं बटण दाबत उभं होतं. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं लिफ्ट बिघडली. पुढचे पाच दिवस दारं लावायचं काम माझ्याकडे.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. इटलीतल्या रिमिनीच्या दक्षिणेला, मिरामारे या भागाच्या बाजूला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, तीन तारे, घरचीच माणसं चालवतात. या किनाऱ्यावर १९५०-६०च्या दशकांत अशी हॉटेलं ओळीने उभी राहिली; आमच्या हॉटेलने त्यानंतर फारसं काही मनावर घेतलेलं दिसत नाही. खाली मोझेकची फरशी, किल्लीला पेरूएवढा पितळी गोळा, बाहेर जाताना ती काउंटरवर ठेवून जायची. जूनचा दुसरा आठवडा, दोघांना नाश्त्यासह रात्रीचे ७४ युरो. शहराचा पर्यटन कर वेगळा, माणशी दर रात्रीचा, आणि आमच्याकडून तो रोख मागितला. पासपोर्ट आल्या आल्या घेतले तेव्हा आई अस्वस्थ झाली, पण तिथे प्रत्येक हॉटेलला पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवावीच लागते. तासाभरात परत मिळाले.

खोली स्वच्छ. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल. चादरी कडक इस्त्रीच्या, कपाटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. बाल्कनीतून ‘समुद्र दिसतो’ म्हणजे समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून हातभर निळी पट्टी दिसते. सूर्य मात्र समुद्रातून उगवतो, आणि सकाळी साडेपाचला त्या फटीतून थेट उशीवर येतो. खिडकीचं पट्ट्याने ओढायचं शटर आमच्या खोलीत अर्ध्यावर अडकलेलं होतं. दोनदा सांगितलं, दोनदा ‘दोमानी’ म्हणजे उद्या. तो उद्या आला नाही.

एसी बुकिंगच्या पानावर होता. खोलीतही होता. रिमोट मात्र काउंटरवर, रोजचे पाच युरो. हे मला खरंच खटकलं. पैशापेक्षा, आधी लिहायला काय झालं होतं?

बाथरूमला शॉवरची वेगळी जागा नाही. कोपऱ्यात पडदा, मध्ये जाळी, आणि आंघोळ झाली की तो पडदा अंगाला चिकटतो आणि पाणी दारापर्यंत येतं. गावात रोमन काळातला टायबेरियसचा पूल इ.स. २१ मध्ये पूर्ण झाला आणि अजून पक्का आहे. आमच्या शॉवरची दांडी दुसऱ्या दिवशीच हातात आली. बिदे, म्हणजे शौचानंतर धुवायचं बसकं भांडं, मात्र आहे, इटलीत असतोच, आणि आपल्या माणसाला त्याची किंमत कळते. बादली नाही. आईने दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा गळा कापून तांब्या केला.

शॉवरजवळ भिंतीवरून एक दोरी लोंबत होती. आई म्हणाली, ‘बघ, कपडे वाळत घालायची सोय आहे’, आणि तिने माझा ओला टॉवेल त्यावर टाकला. ती मदतीसाठी ओढायची दोरी. खाली घंटा वाजायला लागली आणि मालकीणबाई चार मजल्यांच्या हॉटेलात जिना चढून धापा टाकत दारात उभ्या. टॉवेल पाहिला, आईकडे पाहिलं, काही न बोलता गेल्या. दहा मिनिटांनी कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड बाल्कनीत आणून ठेवला. शटर दुरुस्त करायला पाच दिवस पुरले नाहीत, पण स्टँड दहा मिनिटांत!

नाश्ता गोड. टोस्टची पाकिटं, जॅमच्या डब्या, क्रोसाँ. चहा मागितला तर गरम पाणी आणि लिंबू. मग मला एक गोष्ट कळली: तिथे नुसतं ‘लाते’ म्हणालात तर कॉफी येत नाही, दूध येतं. आम्ही रोज ‘लाते काल्दो’ मागायचो आणि आई पर्समधून चहाची पुडी काढायची.

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. रस्त्यावर मिळणारी पिआदिना पोळीसारखी दिसते, पण पारंपरिक पद्धतीत तिच्यात स्ट्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलातलीही मिळते, विचारून घ्यायची. आत स्क्वाकेरोने नावाचं मऊ चीज आणि रुकोला नावाचा हिरवा पाला. आईने तीन दिवस तेच खाल्लं. चीज कशापासून गोठवतात (वासराच्या जठरातल्या रेनेटने) ते मी तिला सांगितलं नाही.

समुद्रावर छत्री आणि दोन खुर्च्या भाड्याने, पहिली रांग महाग, मागे स्वस्त. हॉटेलची ओळख सांगितल्यावर सवलत मिळाली. पाणी लांबपर्यंत गुडघाभरच, त्यामुळे आई बिनधास्त. पोहणाऱ्याला कंटाळवाणं.

खोली घेताना विचार करा: मागच्या बाजूला रेल्वे लाइन आहे, रात्री मालगाड्या जातात. पुढच्या बाजूला बार, शनिवारी दोनपर्यंत गाणी. आम्ही पुढची घेतली. पुन्हा गेलो तर मागची घेईन. मालगाडी निदान निघून जाते. ऑगस्टमध्ये मात्र नको, १५ ऑगस्टच्या तिथल्या सुट्टीच्या आसपास अख्खा इटली किनाऱ्यावर असतो. आणि सप्टेंबर संपला की मालकीणबाई शटर ओढून घेतात, ते थेट ईस्टरला उघडतं. बाहेरचं शटर चालतं, ते मी स्वतः पाहिलं.